रंगाखालचा मासा

आभाळ

फोटोचा वरचा निम्मा भाग नुसता आभाळाचा आहे. ढग नाही, पाखरू नाही. काढणाऱ्यानं कॅमेरा गरजेपेक्षा वर धरला, म्हणून माणूस खाली राहिला आणि त्याच्या डोक्यावर एवढं मोठं पांढरं आभाळ आलं.

शरणबसप्पा फोटो मागायला आला त्या दिवशीही आभाळ असंच होतं. वैशाख होता. सलग दुसऱ्या साली पावसानं तोंड फिरवलं होतं. तलाव आटला होता आणि तळातला गाळ गावचे शेतकरी बैलगाड्यांनी आपापल्या रानात ओढत होते. कोंडिबा सरवदे गाळ भरायच्या रोजंदारीवर होता. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन आपल्याच तलावाचा तळ फावड्यानं उपसतो, यावर गावात जे विनोद व्हायचे ते होऊन गेले होते.

शरणबसप्पा बांधावरच उभा राहिला. फोटोतल्या महालिंगप्पाचा हा मेहुणा. महालिंगप्पा फाल्गुनात गेला तेव्हापासून बहिणीचा संसार हाच बघत होता.

“कोंडिबा, जरा वर येता का?”

येता का. या माणसानं आजवर ‘ए कोंड्या’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. काहीतरी न्यायला आलाय, एवढं कोंडिबाला बांध चढता चढताच कळलं.

“दाजींचा एक फोटो तुमच्याकडं हाय म्हणत्यात.”

“हाय.”

“माझ्या भाचीचं, महानंदाचं लगीन हाय पुढल्या सोमवारी. बापाचा फोटो पाटावर मांडावा लागतो. बसवकल्याणकडची माणसं, लई कडक. आन् आमच्या घरात दाजींचा एक फोटो न्हाय. दुनियेच्या पाट्या रंगवत फिरले, सोता कधी कॅमेऱ्यापुढं उभं ऱ्हायले न्हाईत.”

“त्यो फोटो तुमच्या कामाचा न्हाय, शरणबसप्पा.”

“का?”

“हातात मरळ हाय त्यात. ह्येवढा.”

शरणबसप्पानं गाडीवानांकडं बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून बैलांच्या शेपट्या पिरगाळत होतं.

“म्हाईत हाय,” तो हळू म्हणाला. “उमरग्याचा स्टुडिओवाला मोठा करून, वरून रंगवून देतो म्हणला. मासा जाईल, त्या जागी लिंग येईल. हात तसेच हायत म्हणं. पूजेला धरल्यावानी.”

“आन् फोटो परत?”

“परत कसा? असला फोटो मागं ठेवून कसं चालंल? उद्या पोरीच्या सासरी कुणी न्हेऊन दाखवला, तर?”

कोंडिबानं हाताचा गाळ धोतराला पुसला. लिंगायताच्या घरात मासा म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“न्हाय देत,” तो म्हणाला आणि खाली उतरला.

पाणी

माणसाच्या मागं पाणी आहे. काळंपांढरं असल्यामुळं ते आभाळाहून जरा मळकट दिसतं, इतकंच.

हे पाणी त्या दोघांनी बनवलं होतं. त्यांच्यासारख्या हजारभर माणसांनी. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं तलावाचं काम काढलं तेव्हा कोंडिबा खडी फोडायला गेला आणि शेजारच्या ढिगावर महालिंगप्पा बसलेला. विहिरीला थेंब नव्हता, म्हणून बागाईतदाराचं पोर हातोडा घेऊन आलेलं. हाताला फोड. तरी दुपारच्या सुट्टीत दगडांवर कोळशानं मुकादमाचं तोंड काढायचा, आणि ते दगड मुद्दाम मुकादमाच्या पुढ्यात पडतील असे टाकायचा.

“कोंडू, हितं पाणी साठंल का रं?”

“आधी पडू तर दे.”

“साठलं तर मासं येत्याल.”

“तुला काय करायचंय माशाचं? कपाळाला विभूती लावतूस.”

“बघायचंय,” महालिंगप्पा म्हणाला.

पाणी साठलं. मासे आले. महालिंगप्पा गळ घेऊन काठाला बसला तो बसलाच. मोरपिसाच्या काड्या तरंगायला लावायचा आणि प्रत्येक काडी वेगळी रंगवायचा. एकीला पिवळा पट्टा, एकीला डोळे, एकीला पातळाचा काठ. मासा लागला की दोन्ही हातांत धरून त्याच्याकडं बघत राहायचा आणि मग कोंडिबाच्या टोपलीत टाकायचा.

“पाण्यात हाय तवर माझा. टोपलीत गेला की तुझा,” म्हणायचा.

खाल्ला नाही. कधीच. कोंडिबानं एकदा थट्टेत विचारलं, वास तरी घेतूस का? तर म्हणाला, वास तर घरापतूर येतोय, त्याचंच भ्या वाटतंय.

सोसायटी निघाली तेव्हा सभासदांत बौद्धवाड्यातली माणसं होती, भोयांची चार घरं होती. महालिंगप्पाचं नाव नव्हतं. पाटी मात्र त्यानंच रंगवली, फुकट.

आता पाणी नाही. त्या जागी गाळ आहे, भेगा आहेत, आणि फावड्याला लागणारे माशांचे काटे. गाड्या ते घेऊन वेगवेगळ्या रानांत जातात. महालिंगप्पाच्या रानातही जातात.

पाट्या (हे फोटोत नाही. पण इथंच सांगायला हवं.)

महालिंगप्पा पाटी रंगवायचा ती अशी. पत्रा घासून घ्यायचा. त्यावर आधी मासा काढायचा, सगळा, खवल्यासकट, मिशीसकट, कल्ल्याच्या आतल्या लालीसकट. दोन दिवस वाळवायचा. मग त्यावरून पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. मासा दिसेनासा झाला की निळी अक्षरं. दूध उत्पादक सहकारी संस्था. विविध कार्यकारी सेवा सोसायटी. सूतगिरणीचं नियोजित कार्यालय. तालुक्यातल्या अर्ध्या सहकाराच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात एकेक मासा होता.

“खुळा हाईस,” कोंडिबा म्हणायचा. “कुणाला दिसायचाच न्हाय तर काढतूस कशाला?”

“उद्घाटनाला पुढारी येत्यात. पाटीला हार घालत्यात. कुणाला घालत्यात, सांग बरं.”

“कुणाला?”

“मरळाला. मरळाला हात जोडणारा आमदार बघितलास का कुठं? म्या बघितलाय. पाच-पंचवीस डाव.”

आणि दोघं काठावर बसून डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसायचे. ते हसू दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून ते लवकर संपायचंही नाही.

हात

दोन्ही हात पुढं. तळवे वर. डाव्यावर माशाचं डोकं, उजव्यावर शेपूट.

सोसायटीच्या उद्घाटनाला उमरग्याहून फोटोवाला आणला होता. साहेब गेले, हार सुकले, रोलमध्ये एक फोटो उरला. फोटोवाला म्हणाला, वाया कशाला घालवायचा. तेवढ्यात महालिंगप्पा पलीकडच्या काठानं मरळ घेऊन आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. कोंडिबानं त्याला तसाच उभा केला.

हातांबद्दल आणखी एक आहे.

या फाल्गुनात तलावाचं डबकं झालं. सोसायटीचे रोहू-कटले पोट वर करून तरंगायला लागले. सभासदांनी ते टोपल्यांनी काढून पुरले. वासानं माणसं जेवेनात. मरळाचं तसं नसतं. पाणी गेलं की तो चिखलात शिरतो, हवा पितो, पडून राहतो. महालिंगप्पा म्हणायचा, मोठा अजून हाय आत, मला दिसलाय. रोज संध्याकाळी जायचा.

एका सकाळी कोंडिबा तिकडं गेला तर डबक्याच्या कडेला महालिंगप्पा गाळात होता. छातीपर्यंत रुतलेला, ताठ, बसल्यासारखा. हाताखाली धरायला काही सापडलं नसावं. तोंडावर माश्या. उजवा हात पुढं आणि तर्जनीला गळाची दोरी तीन-चार वेढे घातलेली. दोरी ताणलेली होती. ती चिखलात गेली होती.

कोंडिबा फळी टाकून पोटावर सरपटत गेला. हाक मारली, खांदा धरला. खांदा थंड होता. मग त्यानं ओरडायच्या आधी ते केलं. दोरी दातानं तोडली. तुटल्याबरोबर तिचं टोक सरसर चिखलात ओढलं गेलं, आत, खाली. कोंडिबा त्या जागेकडं बघत राहिला. मग त्यानं बोटावरचे वेढे सोडवले, गळाची काठी बाभळीत खुपसली आणि बांधावर जाऊन गावाच्या दिशेनं बोंब मारली.

म्हैस गाळात शिरली हुती, ती काढायला गेला असंल, असं त्यानंच सांगितलं. त्या दिवशी गावात कुणाचीच म्हैस हरवली नव्हती. पण कुणी विचारलं नाही.

त्यांच्यात बसवून पुरतात. याला बसवायला फार त्रास पडला नाही. विधी करायला आलेल्या जंगमानं लिंग ठेवायला डावा तळवा उघडला, उजवा हात मांडीवर नीट केला, तेव्हा बोटावर दोरीचा निळा वळ होता. जंगमानं वळाकडं बघितलं. कोंडिबा लांब उभा होता, त्याच्याकडंही बघितलं. मग मूठभर विभूती घेऊन बोट चोळलं, वळ दिसेनासा होईपर्यंत.

चेहरा

हसतोय. सगळे दात दिसतात. डोळे कॅमेऱ्याकडं नाहीत, माशाकडं आहेत.

शरणबसप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी प्रेमाबाई स्वतः आली. महालिंगप्पाची बायको बौद्धवाड्यात आली म्हणून दारं किलकिली झाली. ती कोंडिबाच्या उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली आणि आत येऊन भुईवर बसली. कोंडिबाच्या बायकोनं, केशरबाईनं तांब्या पुढं केला. द्यावा की नाही म्हणून तो हातात न देता भुईवर ठेवला. प्रेमाबाईनं घेतला आणि पाणी प्याली.

“वैनी,” केशरबाई म्हणाली, “तुमच्या मालकांनी धरल्यालं मासं आमी लई खाल्लं.”

“म्हाईत हाय. सदरं म्याच धूत हुते की.”

केशरबाई मागं सरकली. चुलीपाशी उगीच राख सारखी करत बसली.

“दादा, बघू द्या तर खरं,” प्रेमाबाई म्हणाली. “देऊ नका. बघू तर द्या.”

कोंडिबानं ट्रंकेतून फोटो काढला. तिनं तो गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर वाकली.

“ह्ये हसत्यात व्हय?”

“व्हय.”

“आमच्या घरात इतकं दात दिसल्यालं मला आठवत न्हाय.” तिनं अंगठा माशावर ठेवला. मासा झाकला गेला. अंगठा तसाच ठेवून ती चेहऱ्याकडं बघत राहिली. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. “ह्ये झाकलं की हसू कळंना झालंय. येड्यावानी दिसतंय.”

“म्हणून तर न्हाय म्हणलो, वैनी.”

“पोरगी तीन सालापास्नं दाखवतोय. पयल्या डाव कुणी व्हय म्हणलंय.” आवाज चढला नाही की उतरला नाही. “तिचा बाप गाळात कसा गेला ते बी लोकं इचारत्यात. म्या म्हैस म्हणून सांगते. तुमीच सांगितलं तेच.”

 पहिला रंग कोंडिबानंच मारला होता.

“त्यांचं दुसरं काय हाय तुमच्यापशी?” तिनं विचारलं.

मग कोंडिबानं तिला पाट्यांचं सांगितलं. पांढऱ्याखालचे मासे, निळी अक्षरं, मरळाला घातलेले हार. असं कुणाला सांगायची त्याची पहिलीच वेळ, त्यामुळं मध्येच अडखळला, मागचं पुढं सांगितलं. प्रेमाबाई ऐकत होती.

“दूध सोसायटीच्या पाटीत बी?”

“तिच्याखाली तर लई मोठा हाय.”

“म्हंजी रोज सकाळी किटली घिऊन म्या त्याच्याम्होरं रांगंत उभी ऱ्हाते.” तिनं फोटो पुन्हा समोर धरला. “आन् ह्यास्नी ठावं हुतं.”

“व्हय.”

तिनं फोटो पदराला पुसला आणि कोंडिबाच्या हातात दिला. “दादा, तुमी जावा माझ्या भावासंगं. मासा जाऊ दे. पण तोंडाला हात लावू दिऊ नका. तेवढं राखा.”

मासा

पहिल्या खेपेला उमरग्याच्या स्टुडिओवाल्यानं, सिद्धेश्वरनं, फोटो ठेवून घेतला. दुसऱ्या खेपेला कोंडिबा आणि शरणबसप्पा गेले तर मोठा केलेला कागद फळीला टाचणीनं लावलेला. कोंडिबा दारातच थांबला.

मासा हातभर झाला होता. खवलं न् खवलं दिसत होतं. शेपटीचा एक कोपरा फाटलेला होता; मूळ फोटोत हे त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं. पाण्याचा थेंब महालिंगप्पाच्या मनगटावरून निघालेला होता आणि अजून पडला नव्हता.

“झ्याक आलाय,” सिद्धेश्वर म्हणाला, आणि ब्रश रंगात बुडवला.

शेपटीपासून सुरुवात केली. कोंडिबाला वाटलं होतं नजर फिरवावी लागेल. पण हात ओळखीचा होता. एका दिशेनं, सावकाश, रंग जाड न करता. महालिंगप्पा पाटीवर असाच हात द्यायचा. मासा शेपटीकडून नाहीसा होत कल्ल्यापर्यंत आला आणि डोळा तेवढा राहिला. मग डोळाही गेला. डाव्या तळव्यावर लिंग आलं. उजव्या हातात बेलाचं पान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. भिजलेलं धोतर कोरडं, घडीचं झालं.

सिद्धेश्वर मागं सरकून बघू लागला. “दात लई दिसाय लागले. पूजेतला माणूस असं दात काढत न्हाय.”

“तोंड तसंच ठेवा,” कोंडिबा म्हणाला.

“वंगाळ दिसंल हो. लिंगाकडं बघून फिदीफिदी हसतंय म्हणतील.”

“वैनींनी सांगितलंय, तोंडाला हात लावायचा न्हाय.”

“बहिणीचं मी बघतो,” शरणबसप्पा म्हणाला. “मिटवा.”

ब्रश ओठांकडं गेला तेव्हा कोंडिबानं सिद्धेश्वरचं मनगट धरलं. ब्रश जागच्या जागी थांबला. सिद्धेश्वर रागावला नाही, त्याला नवल वाटलं.

“हात सोडा काका. तुमी यांचे कोण?”

शरणबसप्पा काही सांगेल म्हणून कोंडिबानं त्याच्याकडं बघितलं. शरणबसप्पा बाहेर रस्त्यावर चाललेल्या ट्रककडं बघत होता. भाऊ नव्हे. भावकी नव्हे. जात नव्हे. सोसायटीतला जोडीचा सभासदसुद्धा नव्हे; महालिंगप्पाचं नावच तिथं नव्हतं. महामार्गावरून एका मागोमाग ट्रक जात राहिले आणि दुकानातल्या काचा थरथरत राहिल्या.

कोंडिबानं हात सोडला.

ओठ दोन फटकाऱ्यांत मिटले.

शरणबसप्पानं मूळ फोटो मागून घेतला. त्याचे आडवे दोन तुकडे केले, मग उभे. शेजारच्या हॉटेलच्या भट्टीत टाकायला तो पायरी उतरला तेव्हा एक तुकडा खाली पडला. आभाळाचा. त्यानं तो वाकून उचलला आणि तोही टाकला.

मागची बाजू

फोटोच्या मागं काही नव्हतं. स्टुडिओचा शिक्का होता, तोही अर्धाच उठलेला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. पाण्याचा टँकर सांगून ठेवला होता, तो उशिरा आला. तोवर पाहुण्यांनी गुळाचा खडा तोंडात धरून दम काढला. मांडवात पाटावर फोटो, शेजारी पितळेची समई, समोर बेल. कोंडिबा मांडवाच्या कडेला, मेढीपाशी बसला. आमंत्रण प्रेमाबाईनंच पाठवलं होतं.

ती वाट काढत त्याच्यापाशी आली ती पानसुपारीचं तबक घेऊन.

“वैनी,” तो म्हणाला, “तोंड राखता आलं न्हाय.”

“बघितलं.”

तिनं तबक पुढं धरलं. त्यानं सुपारी उचलली. ती गेली नाही. आजूबाजूला माणसं होती म्हणून तबकातली पानं सारखी करत तिनं खालच्या मानेनंच विचारलं,

“खाली हाय न्हवं?”

“हाय.”

“दात बी?”

“सगळं हाय. म्या रंग मारताना बघितलंय. खरवडलं न्हाय, वरनंच दिलंय.”

प्रेमाबाईनं मान हलवली. तेवढ्यात पुढून हाका आल्या. नवऱ्या मुलाचे आजे उठले होते. पांढरी टोपी, गळ्यात लिंग ठेवायची सोन्यानं मढवलेली डबी. दोघांनी त्यांना धरून पाटापर्यंत आणलं. त्यांनी फोटोकडं निरखून बघितलं. मिटलेले ओठ, तळव्यावर लिंग.

“मोठे शिवभक्त दिसतात,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग झेंडूचा हार फोटोला घातला, हात जोडले आणि माशाच्या जागेवर कपाळ टेकवलं.

कोंडिबानं सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी मांडवाची मेढ होती.

पुढं बायकांच्या घोळक्यात प्रेमाबाईनं तोंडाला पदर लावला होता. तिचे खांदे हलत होते. रडतेय बिचारी, कुणीतरी म्हणालं, आणि दोघीतिघींनी तिला धरलं.